रिट्रीटनंतरचे चाळीस दिवस

रिट्रीटहून, म्हणजे घरापासून दूर काही दिवसांच्या प्रार्थना-साधनेहून, परतलेल्या माणसाला पहिला फटका बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसतो. पहिले दोन दिवस प्रार्थना आपोआप होते, झोप कमी लागते, घरच्यांबद्दल माया दाटून येते, भेटेल त्याला साक्ष द्यावीशी वाटते. मग एका सकाळी तीच रोझरी हातात असते आणि आत काही हलत नाही. त्याच आठवड्यात घरात भांडण निघतं, कामावर कुणी टोचून बोलतं, आणि जी सवय सुटली म्हणून आल्तारासमोर, चर्चच्या वेदीसमोर, रडलो ती दुप्पट जोराने परत येते. इथे माणूस दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: तिथे झालं ते खोटं होतं, किंवा मीच खोटा आहे. दोन्ही चूक. आणि दोन्ही निष्कर्ष सर्वांत वाईट दिवशी, सर्वांत कमी झोपेवर काढलेले असतात.

आम्ही गोव्यात राहणाऱ्या मराठी घरांतले ख्रिस्ती. चर्चमधली मिस्सा कोकणीतून, घरची प्रार्थना मराठीतून. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्यातलं कुणी बागाच्या टेकडीवरच्या जेझुइट धर्मगुरूंच्या रिट्रीट हाउसमध्ये जातं, कुणी पिलारला, कुणी आठवड्याची रजा काढून थेट केरळात पोट्ट्याला. तिथून परतल्यावर काय होतं ते आम्ही स्वतः भोगलं आहे, आणि परतलेल्यांबरोबर बसून पाहिलंही आहे. रिट्रीटची तयारी सगळे करतात: कपडे, औषधं, बायबल, वही. परतीची तयारी जवळपास कुणी करत नाही, आणि पडझड तिथेच होते.

शुभवर्तमानात हा क्रम स्पष्ट दिला आहे. यार्देनमध्ये बाप्तिस्मा, आकाशातून वाणी, आणि मार्क लिहितो की लगेच आत्म्याने येशूला अरण्यात घालवलं. मधे विश्रांतीचा दिवस नाही. चाळीस दिवसांच्या उपासानंतर आलेल्या पहिल्या मोहाचे शब्द नीट वाचावेत: ‘तू देवाचा पुत्र असलास तर’. यार्देनला जे वाक्य ऐकू आलं, नेमकं त्याच वाक्यावर हल्ला. भाकरीचा विषय नंतर येतो. येशूची तिन्ही उत्तरं अनुवाद या पुस्तकातली आहेत, आठव्या आणि सहाव्या अध्यायातली; म्हणजे अरण्यात जाण्याआधी पाठ असलेली. आणि लूक शेवटी सांगतो की सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. कायमचा गेला असं म्हणत नाही.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रिट्रीटमध्ये ज्या वचनाने मन हललं, ते तिथून निघण्याआधी कागदावर लिहून घ्यायचं, कारण मोह त्याच शब्दाला येऊन भिडणार आहे. ‘तुझी क्षमा झाली’ हे मनाला लागलं असेल तर चौथ्या दिवशी विचार येईल की बाकी सगळ्याची झाली असेल, त्या एका पापाची नाही. भावाशी समेट करायचा निश्चय झाला असेल तर त्याच आठवड्यात इन्व्हेंटरीच्या केसची, म्हणजे वारसाहक्काच्या वाटणीच्या दाव्याची, नोटीस दारात येईल आणि वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून पुन्हा आवाज चढतील. केस आधीपासून चालूच होती, तारीखही आधीच ठरलेली होती. पण आता ती वेगळी टोचते. वचन हाताशी लिहिलेलं असेल तर माणूस ओळखतो की हे कशावर आलं आहे. लिहायचं त्या भाषेत, जिच्यात आपण एकटे असताना देवाशी बोलतो. प्रवचन कोकणीत किंवा इंग्रजीत झालं असलं तरी आमच्या घरांत कागद मराठीतच टिकतो.

कागदावर तीन ओळी पुरतात. पहिली, मिळालेलं वचन, अध्याय-ओवीसकट. दुसरी, एकच निश्चय, तोही असा की पाळला की नाही हे रात्री हो-नाहीत सांगता येईल. ‘मी अधिक प्रेम करीन’ हा निश्चय कामाचा नाही. ‘सकाळी सहाला पंधरा मिनिटं प्रार्थना, फोन दुसऱ्या खोलीत’ हा कामाचा. तिसरी ओळ, आपली कच्ची बाजू: कुठली वेळ, कुठली जागा, कुणाची सोबत. ही तिसरी ओळ लिहायला लोक लाजतात, आणि तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. खाली तारीख आणि सही. गोव्याचे मिशनरी संत जुझे वाज यांनी ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या चर्चमध्ये मरियेला केलेलं आत्मसमर्पण असंच लिहून, सही करून ठेवलं होतं. मनात केलेला निश्चय मन बदललं की बदलतो. कागद बदलत नाही.

आता सर्वांत मोठ्या चुकीकडे येतो, आणि ती कोरड्या दिवसांत नाही, उबेच्या दिवसांतच होते. चूल विझली तरी तवा बराच वेळ तापलेला राहतो, आणि त्यावर काहीही टाकलं तरी चर्र आवाज येतो. रिट्रीटनंतरचे पहिले दिवस तसे असतात. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाच्या संत इग्नासींनी आत्म्यांची पारख करण्याचे जे नियम घालून दिले त्यांत हा भेद नेमका केला आहे: देवाने दिलेला सांत्वनाचा क्षण वेगळा, आणि त्यानंतरचा काळ, ज्यात आत्मा अजून उबदार असतो, तो वेगळा. त्या दुसऱ्या काळात माणूस स्वतःच्याच विचारांनी बेत आखतो, त्या बेतांवर देवाचा शिक्का आहे असं समजतो, आणि पुढे अडकतो. म्हणून त्यांनी आखून दिलेली रिट्रीटची आत्मिक साधना देणाऱ्यालाही त्यांची ताकीद आहे की समोरचा जोशात असेल तर त्याला घाईने नवस किंवा वचन करू देऊ नये. त्यांचेच सोबती फ्रान्सिस झेवियर पॅरिसमध्ये १५३४ साली ही साधना करून बाहेर पडले आणि गोव्याच्या किनाऱ्याला लागले ६ मे १५४२ रोजी. मधली वर्षं अभ्यासाची, इस्पितळातल्या सेवेची, कारकुनी कामाची होती.

आम्ही पाहिलेले जोशातले बेत ठरावीक असतात. नोकरी सोडून पूर्णवेळ प्रार्थनेला लागणं. रोज तीन तास प्रार्थना. चाळीस दिवस फक्त पाणी आणि भाकरी. साठवलेले पैसे एका रकमेने दान. मुलाला सेमिनरीत घालण्याचा नवस, मुलाला न विचारता. हे सगळं लिहून ठेवावं, फेकून देऊ नये. पण चाळीस दिवस त्यातलं काही अमलात आणू नये. याला तीन अपवाद आहेत आणि ते आम्ही ठासून सांगतो. ज्याचं घेतलं त्याला परत करणं, ज्याची माफी मागायची त्याची मागणं, आणि चालू असलेलं पाप थांबवणं. यांना थांबायचं कारण नाही. उलट ऊब आहे तोवर हे उरकून घ्यावं, नंतर जड जातं.

उलट बाजूचा नियम सगळ्यांना माहीत असतो, तरी वेळेला आठवत नाही: कोरड्या, अंधाऱ्या दिवसांत आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. पंधरा मिनिटांची दहा करायची नाहीत. प्रार्थना कोरडी असेल त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं. घड्याळ बघून एक मिनिट जास्त बसलं तरी चालतं. त्या एका मिनिटात काही वाटेलच असं नाही. ते उठून जाण्याच्या ओढीला दिलेलं उत्तर आहे.

कोरडेपणा आला की त्याचं कारण कसं शोधायचं? इग्नासी तीन कारणं देतात: आपली हयगय; आपण गोडीशिवाय किती टिकतो याची पारख; आणि गोडी ही कमाई नसून देणगी होती याची जाणीव. आमचा सल्ला असा की पहिलं कारण आधी तपासावं, कारण तेच सर्वांत सामान्य आहे आणि ते दुरुस्त करता येतं. रात्री पाच मिनिटं बसावं: आभार, प्रकाशासाठी विनंती, सकाळपासून आतापर्यंतचा दिवस क्रमाने, पश्चात्ताप, उद्याची एक गोष्ट. तीन रात्री असं केलं की दिसतं, झोप उशिरा झाली होती, सकाळची प्रार्थना फोन बघत झाली होती, रविवारची मिस्सा मागच्या बाकावर गप्पांत गेली होती. ते सुधारलं आणि तरीही कोरडं राहिलं, तर पुढे खोदत बसू नये. ठरलेलं करत राहावं. स्वतःच्या आत फार उकरणं हाही एक मोह आहे, आणि भाविक माणसाला तो लवकर लागतो.

गोव्यात राहणाऱ्याने कॅलेंडरही बघायला हवं. उपवासकाळ संपतो, ईस्टर होतो, आणि दुसऱ्या आठवड्यापासून लग्नं सुरू होतात, कारण उपवासकाळात ती थांबलेली असतात. काजूचा हंगाम भरात असतो, घरोघरी उर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, येतो. मे महिन्यात आखातातून आणि जहाजावरून माणसं सुट्टीला येतात. मग पाऊस, आणि २४ जूनला सांजांव, विहिरींत उड्या मारून साजरा होणारा संत जॉनचा सण. दारू सोडण्याचा निश्चय उपवासकाळात करणारा माणूस वर्षातल्या सर्वांत ओल्या तीन महिन्यांत पाऊल टाकतो. हे आधी सांगितलं तर तो तयारी करतो. आमची तयारी अशी असते: लग्नाच्या मिस्सेला जायचं, हॉलवर जायचं, पण हातात पहिल्यापासून भरलेला ग्लास ठेवायचा, लिंबू-सोड्याचा, कारण रिकामा हात दिसला की प्रेमाने कुणीतरी तो भरतं. टोस्ट त्याच ग्लासाने. जेवण लवकर घ्यायचं, भुकेल्या पोटी निश्चय डळमळतो. निघण्याची वेळ घरून ठरवून निघायचं आणि न पिणाऱ्याच्या गाडीत बसायचं. सांजांवच्या दिवशी विहिरीवर जायचंच असेल तर मुलांना घेऊन सकाळी, आणि दुपारी घरी. घरातच काजूची भट्टी असेल तर त्या हंगामापुरतं ते काम दुसऱ्याने बघावं. हे कुटुंबाशी रिट्रीटला जाण्याआधीच बोलून ठेवावं, परतल्यावर नव्हे. कसिनो, मटका, फोनवरचा जुगार यांचंही हेच: वाट बदलावी, ॲप काढून टाकावं, खात्याचं दुसरं लॉगिन घरच्याकडे द्यावं.

इथे एक धोका गंभीर आहे. रोज भरपूर पिणारा माणूस रिट्रीटमध्ये एका दिवसात दारू बंद करतो. पहिल्या दिवसापासून हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते; साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास होतात, माणूस नसलेल्या गोष्टी बघतो, ओरडतो. याला लोक भूतबाधा समजतात आणि वर पाणी शिंपडत बसतात. ही दारू अचानक तुटल्याने होणारी शारीरिक अवस्था आहे आणि तिने जीव जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्यायचं. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, शेजारीच गोवा मेडिकल कॉलेज आहे. दारू औषधांच्या देखरेखीखाली सुटते आणि मग ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) बैठका, कुमसार म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली, आणि प्रार्थना तिला सुटलेली ठेवतात. हाच नियम इन्सुलिन, रक्तदाब, फिट्स आणि मनाच्या औषधांना. ‘बरं झालं’ असं प्रार्थनेत वाटलं तरी गोळी डॉक्टरनेच बंद करायची. देवाने दिलेलं बरेपण तपासणीला घाबरत नाही.

एलियाची गोष्ट या संदर्भात आम्ही प्रत्येकाला वाचायला देतो, १ राजे, अठरा आणि एकोणीस, सलग. कर्मेल डोंगरावर बालाच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर अग्नी उतरला. लगेच पुढच्या अध्यायात ईजबेलच्या एका निरोपाने तो जीव घेऊन पळाला आणि अरण्यात झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला आधी झापलं नाही, विचारलंही नाही. झोपू दिलं. दूताने उठवून भाकरी आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं, आणि मगच चाळीस दिवसांची वाट, होरेब आणि प्रश्न. रिट्रीटमधून येणारे बरेच जण उपास आणि जागरणांनी थकलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेर्ण्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला उभे राहतात. म्हणून परतीनंतर एक पूर्ण दिवस रजेचा राखावा. दोन वेळा गरम जेवण, रात्री सात-आठ तास झोप. त्यानंतरही दोन आठवडे मन उठत नसेल, जेवण जात नसेल, किंवा एलियासारखं मरण मागावंसं वाटत असेल, तर तो कोरडेपणा समजून झाकू नये. डॉक्टरला भेटावं, फादरना सांगावं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.

पडलो तर काय? पडझड होते, वारंवार होते. त्यानंतरचे चोवीस तास पापापेक्षा जास्त नुकसान करतात. माणूस प्रार्थना बंद करतो, गटाला तोंड दाखवत नाही, आणि ‘पुढच्या रिट्रीटला कुमसार करीन’ असं ठरवतो, म्हणजे वर्षभर थांबतो. शत्रूला गुप्तता हवी असते, हे इग्नासींनी फार नेमकं सांगितलं आहे; बोललं की त्याचा निम्मा खेळ मोडतो. म्हणून निघण्याआधीच एका माणसाचा नंबर ठरवावा. नवरा किंवा बायको नको, प्रार्थनेच्या गटातला त्याच लिंगाचा, तोंड बंद ठेवणारा कुणीतरी. फोनवर खुलासे नको. ‘काल रात्री पडलो, शनिवारी कुमसाराला जातो’, एवढं पुरे. ऐकणाऱ्यानेही उपदेश करू नये. रविवारी फक्त विचारावं, ‘गेलास का?’ शनिवारी संध्याकाळी मिस्सेआधी बहुतेक चर्चमध्ये फादर भेटतात, नसेल तर आधी फोन करून वेळ घ्यावी. आपल्या पॅरिशमध्ये लाज वाटत असेल तर शेजारच्या गावी जावं. त्यात कमीपणा नाही.

घरच्यांविषयी थोडं. ते रिट्रीटला गेलेले नसतात. त्या दिवसांत त्यांनी मुलांची शाळा, म्हातारी आई, पाण्याची टाकी सगळं सांभाळलेलं असतं. दारातून आत येऊन पहिलं वाक्य प्रवचनाचं निघालं की दाराआड राग साठतो. पहिले दोन आठवडे साक्ष नको. भांडी घासावी, बाजार आणावा, विचारलं तर सांगावं. नवऱ्याचा आवाज खाली आला आहे हे बायकोला कुणी सांगावं लागत नाही.

आणि शेवटी ज्याला मोह म्हणता येत नाही ती संकटं: आजार, नोकरी जाणं, घरातला मृत्यू. ती रिट्रीटनंतर आली की चर्चच्या पायऱ्यांवर दोन प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक, सैतान चिडला आहे. दुसरं, देव परीक्षा घेतो आहे. दुःखात बसलेल्या माणसाच्या तोंडावर यातलं काहीही बोलू नये. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहिलं आहे की देव कुणाला मोहात पाडत नाही. कारण सांगणं आपल्याकडे सोपवलेलं नाही. पेज नेऊन देणं, इस्पितळात रात्रीची पाळी लावणं, फी भरणं, हे सोपवलेलं आहे, आणि लहान ख्रिस्ती समूहात वाड्यावरची दहा-बारा घरं असतील तर ते सहज वाटून घेता येतं. ज्याच्यावर संकट आलं आहे त्याने स्वतःसाठी जुझे वाज यांचा क्रम बघावा. सांकवाळच्या समर्पणानंतर दहा वर्षांनी, १६८७ साली, ते श्रीलंकेला पोचले ते भिकाऱ्याच्या वेषात, आणि जाफन्यात हगवणीने अंथरुणाला खिळले. १६९२ मध्ये कँडीला गेले तर पोर्तुगीज हेर समजून कैदेत पडले. त्या कैदेत त्यांनी सिंहली शिकायला घेतली. मोठं काम हाताबाहेर असतं तेव्हा हातात उरलेलं लहान काम कोणतं, हे आजारी माणसालाही विचारता येतं. कधी ते फक्त संध्याकाळची एक ‘नमो मारिया’ असतं.

गोडी परत मिळावी म्हणून महिन्याभरात पुन्हा रिट्रीटला धावणारे आम्हाला भेटतात. आम्ही त्यांना थांबवतो. वर्षातून एकदा पुरे. मधे महिन्यातून अर्धा दिवस, जवळच्या चर्चमध्ये, फोन बंद करून. चाळीसाव्या दिवशी मात्र कागद घेऊन फादरांकडे किंवा ज्याच्याबरोबर बोलणं ठरलं आहे त्याच्याकडे जायचं आणि तीन ओळी मोठ्याने वाचायच्या. मग बाजूला ठेवलेले जोशातले बेत. जो अजूनही शांतपणे खरा वाटतो, ज्याने घरच्या जबाबदाऱ्या मोडत नाहीत, त्यावर आता पहिल्यांदा बोलायचं: केव्हा, किती, कुणाला विचारून. बाकीच्यांवर रेघ. दुसरी ओळ किती रात्री ‘हो’ झाली ते खरं सांगायचं, आणि निम्म्याहून कमी झाली असेल तर पंधरा मिनिटांची वेळ सकाळऐवजी दुपारच्या सुट्टीत नेता येते का ते तिथेच ठरवायचं. तिसऱ्या ओळीत काही भर पडली असेल, बहुधा पडतेच, तर ती त्याच कागदावर, नव्या तारखेसकट लिहायची.